सात गुरुवारांची चाचणी

आराखड्याची भाषा तपासून द्यावी, एवढेच माझ्याकडे मागितले होते. अग्निशमन दलाचा पुढील वीस वर्षांचा आराखडा तयार होत होता. तो आधी इंग्रजीत लिहिला गेला आणि मग घाईने मराठीत उतरवला गेला. त्या मराठीला अर्थ होता, पण चाल नव्हती. हे काम दलातील ज्या अधिकाऱ्यांकडे होते, ते चाकणच्या शाळेत तीन वर्षे माझ्याकडे संस्कृत शिकलेले. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष उरले होते, तरी माझ्यासमोर ते अजूनही खुर्चीच्या कडेवर बसत. फितीने बांधलेला कागदांचा गठ्ठा त्यांनी चौरंगावर ठेवला.

"सर, तुम्ही एकदा हात फिरवा. वरच्या साहेबांनी पहिलं पान वाचून विचारलं, ही कोणती भाषा म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मराठीच आहे. आमचे सर बघतील, मग कळायला लागेल."

ते याच कामासाठी माझ्याकडे पूर्वीही एकदा येऊन गेले होते, हे येथेच सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्या भेटीतून निघाले. साधारण वर्षभरापूर्वी त्यांना आरंभासाठी चांगला दिवस हवा होता. कोणते अग्निशमन केंद्र कोठे उभारायचे हे ठरविण्यासाठी बंब प्रत्यक्ष रस्त्यावर पळवून पाहायचे होते. महामार्गावरच्या मोठ्या चौकात नव्या मध्यवर्ती केंद्राची जागा ठरली होती. तेथून निघालेला बंब भोवतालच्या प्रत्येक गावात किती वेळात पोहोचतो, याची मोजणी करायची आणि जेथे फार उशीर होतो तेथे स्वतंत्र केंद्र द्यायचे, असा विचार होता. आगीची खबर येते, तिला त्यांच्या खात्यात 'वर्दी' म्हणतात. वर्दी आल्यापासून पाण्याची पहिली धार सुरू होईपर्यंत जो काळ जातो, त्यावर त्यांचे सारे शास्त्र उभे आहे.

मी पंचांग उघडले. पुढच्या आठवड्यात गुरुपुष्यामृत योग होता. त्याहून चांगला दिवस मला दिसला नाही आणि तसे मी सांगितले. मोजणी सात वेळा घ्यायची आहे, असे ते म्हणाले. तेव्हा मी एवढे आणखी सांगितले की ज्या वारी आरंभ केला त्याच वारी पुढची आवर्तने करावीत; गुरुवारचे व्रत घेणारा मध्येच सोमवारी उपास धरत नाही. त्यांना ते पटले. त्यांच्या घरी दत्ताची उपासना आहे. शिवाय गुरुवारी दलाकडेही कामाचा ताण कमी असतो, चाचणीसाठी एक बंब मोकळा काढता येतो, असेही ते सहज बोलून गेले. ताण कमी का असतो, हे मी विचारले नाही. तेव्हा माझे लक्ष नक्षत्राकडे होते.

आमचे गाव चाकणच्या याच चौकापासून आत, ओढ्यावरच्या अरुंद पुलापलीकडे आहे. चाळीस वर्षांपूर्वी येथे ज्वारी आणि कांदा होता. आता शेतांच्या जागी कारखान्यांच्या भिंती आहेत आणि उरलेल्या तुकड्यांवर कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या रांगा. एका खोलीत चार-पाच जण राहतात आणि पाळीप्रमाणे झोपतात. एक उठून कामावर जातो, दुसरा येऊन त्याच्या अंथरुणावर पडतो. प्रत्येक खोलीत लहान सिलिंडर. अशीच एक रांग दोन वर्षांपूर्वी जळाली.

ती रांग आमच्या शेजारच्या वहिनींची होती. वहिनी म्हणजे माझ्या एका दिवंगत मित्राची पत्नी. पती गेल्यावर त्यांनी बारा खोल्या बांधल्या आणि खानावळ काढली. आजही त्या सकाळी साठ-सत्तर डबे भरून स्वतः कंपन्यांच्या फाटकांवर पोहोचवितात. आग लागली ती भर दुपारी. सिलिंडर एकामागून एक उडत होते आणि आम्ही मंडळी ओढ्यातून बादल्या आणत होतो. बंब आला तेव्हा पत्रे खाली बसले होते. माणूस दगावला नाही, कारण बहुतेक जण कामावर होते आणि झोपलेल्या दोघांना वहिनींनी दाराची कडी तोडून बाहेर ओढले. त्यांच्या उजव्या मनगटावर त्या दिवसाचा डाग आहे. बंबावरच्या लोकांना त्या काही बोलल्या नाहीत. घामाने भिजलेल्या त्या मुलांना त्यांनी आधी पाणी दिले आणि मग एवढेच विचारले, "बाबांनो, कुठं अडकला व्हता?"

खोल्या पुन्हा उभ्या राहिल्या. बारा होत्या, त्या आता अठरा आहेत. त्यामुळे आमच्या गावाला स्वतःचे केंद्र मिळते की नाही, आणि मिळाले तर पहिल्या पाच वर्षांत की नंतर कधीतरी, हा प्रश्न वहिनींसाठी आणि त्या अठरा खोल्यांत झोपणाऱ्या माणसांसाठी कागदावरचा नव्हता.

मसुदा मी रोज सकाळी पूजेनंतर दोन तास वाचत असे. अग्नीशी माझा संबंध आयुष्यभर आवाहनाचा आला. त्याला बोलवायचे, आसन द्यायचे, आहुती द्यायची आणि काम झाले की सन्मानाने निरोप द्यायचा. न बोलावता येणाऱ्या अग्नीसाठी एवढी तयारी करावी लागते, हे मी प्रथमच वाचत होतो. कोठे किती पाणी साठवायचे, किती माणसे लागतील, आजची शेते वीस वर्षांनी काय होतील, उंच इमारतींसाठी केवढी शिडी, रसायनाच्या आगीसाठी कोणता फेस. ताथवडे आणि वाकडच्या बाजूला तीस-तीस मजले आताच उभे आहेत. त्यांच्यासाठी वेगळे प्रकरण होते. लिहिणाऱ्यांची तळमळ वाक्यांच्या गुंत्यातूनही दिसत होती. मी गुंते सोडवीत गेलो.

गावांचे कोष्टक चौथ्या प्रकरणात होते. आमच्या गावासमोर सरासरी अकरा मिनिटे लिहिली होती. मर्यादा पंधराची होती. म्हणून मध्यवर्ती केंद्रच आमच्या गावाला पुरेसे आहे असा निष्कर्ष काढला होता आणि गावातील स्वतंत्र केंद्र तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे दहा वर्षांनंतर, 'गरज भासल्यास' असे नोंदले होते.

मी तो आकडा माझ्या पद्धतीने पडताळला. लहानपणी आळंदीच्या पाठशाळेत आम्हा विद्यार्थ्यांना घड्याळ नव्हते. इंद्रायणीवरून पाणी आणायला किती वेळ लागतो, भात किती वेळ मुरू द्यायचा, हे सारे आम्ही स्तोत्राच्या आवर्तनांनी मोजत असू. ती सवय गेली नाही. माझ्या नित्याच्या स्तोत्राला संथ म्हटले तर दहा मिनिटे लागतात. चौकातील दत्तमंदिरात मी वर्षानुवर्षे जातो. गावातून रिक्षात बसताना आरंभ करतो आणि एक आवर्तन संपवून फलश्रुतीपर्यंत येतो तोच चौक येतो. म्हणजे अकरा मिनिटे अगदी बरोबर होती. मला समाधान वाटले. कोष्टकाच्या समासात मी पेन्सिलीने 'योग्य' असे लिहिलेही.

तो 'योग्य' शब्द दोन दिवस तेथे राहिला. मग वहिनी ताक घेऊन आल्या. चौरंगावर कागद पसरलेले पाहून त्यांनी विचारले, "हे काय, गुरुजी? पत्रिका का कुनाची?"

"आगीच्या बंबांचा आराखडा आहे, वहिनी. पुढच्या वीस वर्षांचा."

"आपलं हाय का त्यात?"

"आहे. पण आपल्याला वेगळं केंद्र नाही. चौकातूनच बंब येईल. अकरा मिनिटांत पोहोचतो असं मोजलंय त्यांनी."

वहिनींनी तांब्या खाली ठेवला.

"किती?"

"अकरा मिनिटं."

"उडत येतोय काय? इमान हाय का बंब हाय?"

मी त्यांना समजावून सांगितले की मोजणी प्रत्यक्ष केलेली आहे, एकदा नव्हे तर सात वेळा, आणि माझ्या अनुभवाशीही ती जुळते. मी स्वतः तेवढ्याच वेळात चौकात जातो.

"तुमी कवा जाता?"

"दर्शनाला जातो की. गुरुवारी."

वहिनी हसल्या. त्या हसण्यात थट्टा होती, राग नव्हता.

"गुरुवारी तर कंपन्या बंद, गुरुजी. गुरुवारी माझं डबं बी बंद. रस्त्यावर कुत्रं आडवं झोपतंय त्या दिशी. सोमवारी या माझ्यासंगं टेंपोत. मग म्हना तुमचं स्तोत्र."

आमच्या भागातील बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असे मी म्हणू शकत नाही. गावातील प्रत्येक मुंज, वास्तुशांत, जागरण-गोंधळ गुरुवारी धरा, म्हणजे कामगारांना येता येते, अशी विनंती मी शेकडो वेळा ऐकली आहे आणि मान्यही केली आहे. ते ज्ञान एका कप्प्यात होते आणि कोष्टक दुसऱ्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुवारखेरीज गावाबाहेर पडण्याचे मला कारणही उरले नव्हते. माझा रस्ता हा गुरुवारचाच रस्ता होता.

सोमवारी मी वहिनींच्या टेंपोत पुढे बसलो. मागे डबे, मध्ये वहिनी आणि गाडी चालवायला त्यांचा पुतण्या. गावाच्या कमानीपाशी मी आरंभ केला. पहिले आवर्तन संपले तेव्हा आम्ही ओढ्याच्या पुलाच्या अलीकडे होतो. पुलावर एक लांब ट्रेलर वळण घेता घेता अडकला होता आणि त्याच्या दोन्ही अंगांनी कंपन्यांच्या बसगाड्या एकमेकींसमोर उभ्या होत्या. दुसरे आवर्तन पूल ओलांडेपर्यंत पुरले. तिसरे कंटेनरांच्या रांगेत गेले. दुचाकीवाले भिंतीच्या कडेने, गटारावरच्या फरश्यांवरून पुढे सरकत होते. वहिनींनी एकदा माझ्याकडे वळून पाहिले.

"कितवं?"

मी तीन बोटे वर केली.

"चौथं बी व्हईल. मनातल्या मनात म्हना, धूर जातोय नाकात."

चौथे पुरे होण्यास थोडे उरले असता चौक आला. दत्तमंदिराचा कळस समोर होता. मी उतरून हात जोडले, पण आत गेलो नाही.

घरी येऊन मसुद्याचे परिशिष्ट काढले. चाचणीचा दिनांक, चाचणीचा वार, निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ. वाराच्या रकान्यात एकाखाली एक सात गुरुवार होते. इतके दिवस मी वाक्ये तपासत होतो. तो रकाना मी पाहिला होता, वाचला नव्हता.

मुहूर्त कशासाठी पाहतात, याचा मी त्या सकाळी शांतपणे विचार केला. कार्य निर्विघ्न व्हावे म्हणून. माझ्याकडे जे मागितले होते ते मी दिले होते आणि फळही यथायोग्य मिळाले होते. बंब सातही वेळा निर्विघ्न पोहोचला. परंतु ही चाचणी विघ्नाचीच होती. ज्या दिवशी विघ्ने सर्वांत अधिक, तोच तिचा योग्य दिवस. पंचांगात दोष नव्हता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता, आणि त्या चुकीने वहिनींचे केंद्र दहा वर्षे पुढे ढकलले होते. समासातील 'योग्य' मी खोडरबराने पुसला. पेन्सिलीची खूण कागदावर राहिली.

मसुदा पुढच्या आठवड्याच्या अखेरीस वर जायचा होता. दुसऱ्या दिवशी मी बसने पिंपरीला गेलो. अधिकारी आपल्या खोलीत होते आणि त्यांच्यासमोर नकाशे करणाऱ्या बाई संगणक उघडून बसल्या होत्या. त्या विदर्भातील. नोकरीनिमित्त दोन वर्षांपासून वाकडला राहतात. वयाने माझ्या नातीएवढ्या, कामात अत्यंत नेमक्या. मी परिशिष्टाचे पान उघडून त्यांच्यापुढे ठेवले आणि गुरुवारची हकीगत सांगितली.

बाई पानाकडे बघत राहिल्या. "गुरुवारी सुट्टी? पण सुट्टी तर शनिवार-रविवार असते ना?"

"तुमच्याकडे, मॅडम," अधिकारी म्हणाले. "वाकडात. इकडे गुरुवारी."

"आणि हे मला कोणी सांगितलंच नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

"अहो, मी विचारलं होतं! सगळ्या चाचण्या गुरुवारीच का, म्हणून. तुम्ही म्हणालात, सरांनी सांगितलंय. मला वाटलं, सर म्हणजे वरचे कोणी साहेब. मीच मग टिपणात लिहिलं की वार एकच ठेवल्यामुळे तुलना अचूक झाली."

ते वाक्य मला आठवत होते. मीच ते अधिक डौलदार केले होते.

"सर म्हणजे मी," मी म्हणालो.

अधिकाऱ्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "सर, चूक तुमची नाही. गुरुवारी सुट्टी असते हे मला माहीत होतं. बंब मोकळा मिळतो म्हणून मलाही सोयीचं पडलं. पण आता हे उकरलं तर अख्खं कोष्टक पडतं. सगळ्या गावांच्या चाचण्या पुन्हा घ्यायच्या म्हणजे सहा महिने, आणि मग मंजुरीला वर्ष. तोवर मी घरी बसलेला असेन आणि नवीन येईल तो पहिल्यापासून सुरू करील. वीस वर्षांचा आराखडा वीस वर्षं नुसता होतच राहील."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. उशिरा आलेल्या शुद्ध कोष्टकापेक्षा वेळेवर आलेले सदोष कोष्टक बरे, असे मानणारे लोक आळशीच असतात असे नाही. पहिल्या टप्प्यात इतर चार केंद्रे होती, त्यांची गावेही वाट पाहत होती. मी त्यांना घाई केली नाही.

"सगळी नको," मी म्हणालो. "एकच घे. आमच्या गावाची. वर्दीसारखी, खरी. दिवस मी सांगतो."

"परत मुहूर्त?" त्यांना हसू आवरले नाही.

"हो. येता मंगळवार. अमावास्या आहे. दुपारी साडेतीन, पहिली पाळी सुटून दुसरी भरते ती वेळ."

"सर, अमावास्येला? आमचा चालक गाडीला लिंबू-मिरची बांधल्याशिवाय फाटकाबाहेर काढत नाही."

"मग दोन लिंबं बांधायला सांग."

बाई प्रथमच हसल्या. "तुलनेसाठी एकच फेरी पुरणार नाही," त्या म्हणाल्या, "पण एकाच फेरीत एवढा फरक आला, तर आधीच्या सात फेऱ्या तशाच ठेवता येणार नाहीत, हे मी लिहू शकते. आणि बाकीच्या गावांसाठी कामाच्या दिवशी तीन-तीन फेऱ्या. त्याला सहा महिने कशाला? सहा आठवडे."

"बंब कुठून आणू सहा आठवडे?"

"गुरुवारी मिळतो तसाच," त्या म्हणाल्या. "पण गुरुवारी नाही."

मंगळवारी मी चौकात उभा राहिलो. चालकाने लिंबू एकच बांधले होते, पण निघण्यापूर्वी त्याने मला विचारले, "गुरुजी, तुम्ही बसताय ना पुढच्या जीपमध्ये? मग काही होत नाही." माझ्या उपस्थितीने अमावास्या सौम्य होते अशी त्याची समजूत होती. मी ती मोडली नाही. अधिकारी, बाई आणि मी जीपमध्ये बसलो, मागे बंब. बाईंच्या हातात घड्याळ होते. मी डोळे मिटून आरंभ केला.

सायरनला लोक वाट देत होते, हे नमूद केले पाहिजे. बसचे चालक, रिक्षावाले, दुचाकीवाले, सर्वांनी जमेल तेवढे अंग चोरले. परंतु वाट देण्यासाठी बाजूला जागा लागते. एका बसचालकाने खिडकीतून ओरडून सांगितले, "साहेब, गाडी खिशात घालू का आता?" अधिकाऱ्यांनी खाली उतरून स्वतः शिट्टी वाजवली, दोन ट्रेलर मागे घ्यायला लावले आणि पुलापर्यंत ते बंबाच्या पुढे चालतच गेले. त्यांच्या पाठीवर घामाचा डाग पसरत होता. दोन वर्षांपूर्वी पाणी पिणाऱ्या त्या मुलांची मला आठवण झाली. वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मी आता जीपच्या काचेतून पाहत होतो.

गावच्या कमानीत बंब शिरला तेव्हा माझे तिसरे आवर्तन फलश्रुतीला आले होते. बाईंनी घड्याळ थांबविले आणि आकडा लिहिला. मोठ्याने वाचला नाही. वहिनी खोल्यांच्या तोंडाशी डब्यांची टोपली घेऊन उभ्या होत्या. बंब पाहून त्यांनी घाबरून खोल्यांकडे पाहिले, मग मला ओळखले.

"कुठं लागलीय?"

"कुठंच नाही, वहिनी. मोजायला आलेत."

"मंग मोजलं का नीट?" त्या अधिकाऱ्यांकडे वळल्या. "का पुन्यांदा गुरुवारी येताय?"

अधिकाऱ्यांनी त्यांना हात जोडले. "नाही मावशी. आता तुमच्या डब्याच्या वेळेला येत जाऊ."

पुढचे सहा आठवडे बंब गावोगाव फिरला. मी कोणत्याही फेरीसाठी दिवस सांगितला नाही आणि कोणी विचारलाही नाही. आराखडा ठरलेल्या तारखेनंतर वर गेला. उशिराबद्दल अधिकाऱ्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. त्याची भाषा त्यांनी माझ्याकडे तपासायला पाठविली नाही. नव्या कोष्टकात आमचे गाव पहिल्या टप्प्यात आले. त्याबरोबर दुसरे एक गाव पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेले, कारण पहिल्या टप्प्यात चारच केंद्रे बसत होती आणि तेथला उशीर आमच्यापेक्षा कमी होता. त्या गावाला मी कधी गेलेलो नाही. टिपणात एवढेच लिहिले आहे की आधीच्या चाचण्या कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घेतल्यामुळे ग्राह्य धरलेल्या नाहीत. तो दिवस कोणी सुचविला हे तेथे लिहिलेले नाही. मी तसे वाक्य घालून दिले होते. बाईंनी ते काढले आणि कळविले की आराखड्यात व्यक्तींचा उल्लेख करण्याची पद्धत नाही.

यंदा गायरानाच्या कडेला केंद्राच्या जागेवर खुणेचे दगड रोवले गेले आणि भूमिपूजन ठरले. अधिकारी निवृत्त झाले नव्हते, पण निरोपाची तयारी सुरू होती. ते मुहूर्त विचारायला आले तेव्हा संकोचले होते.

"सर, तुम्हीच सांगायला हवं. शेवटी गावचं काम आहे. मी बोलणार नाही काही वाराबद्दल."

मी पंचांग पाहिले. त्या पंधरवड्यात शुभ म्हणता येतील असे दोन दिवस होते, एक गुरुवार आणि एक बुधवार. मी बुधवार दिला. बुधवारची शुभ घटिका दुपारी चारच्या सुमारास येत होती. त्याला माझा इलाज नव्हता.

बुधवारी सकाळपासून वहिनींनी जागा सारवून घेतली, रांगोळी घातली. कामगारांपैकी रात्रपाळीचे तेवढे आले. कलश मांडला, नारळ ठेवला, कुदळीला हळदकुंकू लावले. चार वाजले. ज्यांच्या हस्ते भूमिपूजन व्हायचे होते ते वरचे पाहुणे महामार्गावरून निघाले आहेत असा फोन आला. थोड्या वेळाने, ते पुलाच्या अलीकडे आहेत असा दुसरा फोन आला. अधिकारी फोन कानाला लावून कमानीपर्यंत जात आणि परत येत. मी दर्भासनावर बसून होतो.

वहिनी माझ्याजवळ येऊन खाली बसल्या. "कितवं चाललंय?"

"दुसरं संपलं."

"चांगलं झालं," त्या हळूच म्हणाल्या. "बसू द्या जरा पुलावर. कळंल त्यास्नी."

"वहिनी, मुहूर्त टळतोय."

"मुहूर्त गेला तर दुसरा येतोय की. केंद्र न्हाई आलं तर काय येतंय?"

पाहुणे आले तेव्हा तिसरे आवर्तन पुरे होऊन चौथे सुरू झाले होते. त्यांचे कपडे चुरगळले होते आणि ते उशिराबद्दल क्षमा मागत होते. त्यांच्यातील एकांनी अधिकाऱ्यांना विचारले की हा रस्ता रोज असाच असतो काय. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "गुरुवार सोडून."

संकल्पात कर्त्याने स्थळ आणि काळ यांचा उच्चार करायचा असतो; आपण कोठे आहोत आणि ही वेळ कोणती आहे, हे देवतेपुढे सांगायचे असते. शुभ घटिका टळून गेली होती. मी पाहुण्यांच्या हातात पाणी दिले आणि त्या क्षणी जी तिथी, जो वार, जे नक्षत्र होते, तेवढेच उच्चारले.